कळलावी नाशिकच्या गच्चीत आणि अंगणात: कंदापासून बियांपर्यंत

गच्चीबाग_इंदिरानगर (१९ मे)
नमस्कार. कळलावी या पावसाळी फुलवेलीचे सहा कंद रोपवाटिकेतून घेतले आहेत. चार गच्चीवर कुंड्यांत आणि दोन खाली कुंपणाच्या जाळीलगत लावायचे आहेत. खालची जमीन काळी, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा. काही कंद दोन फाट्यांचे आहेत, काही एकाच फाट्याचे. कधी लावायचे, किती खोल, आडवे की उभे? दोन फाट्यांचा कंद तोडून दोन करता येतो का?

रानफूल (१९ मे)
माती राहू द्या, आधी कंद हातात घेऊन नीट बघा. बटाट्याला अंगभर डोळे असतात, कळलावीला तसे नसतात. प्रत्येक फाट्याच्या अगदी टोकाला एकच डोळा, आणि वेल फक्त तिथूनच येतो. ते टोक मोडलं, खरचटलं किंवा काळं पडलं की बाकीचा कंद कितीही जाडजूड असला तरी त्यातून काही निघत नाही. "कंद चांगला होता पण उगवलाच नाही" अशा बहुतेक तक्रारींचं मूळ हेच असतं. कंद ठिसूळ असतो आणि पिशवीत एकमेकांवर आपटला तरी टोक जातं. घरी आणताना वाळूत किंवा भुश्शात ठेवूनच आणावा.

टोकाशी फिकट, भरीव उंचवटा दिसला पाहिजे. कंद दाबून बघा, मऊ किंवा पाणचट लागला तर बाजूला काढा. वजनही करा. ५० ते ६० ग्रॅमचा कंद त्याच वर्षी फुलतो. ३० ग्रॅमच्या आतला असेल तर वेल येईल, पण फुलांची अपेक्षा पुढच्या वर्षी ठेवा.

तोडता येतो. दोन फाटे जिथे जुळतात तिथे धारदार, स्वच्छ सुरीने एकच काप द्या आणि जखम सावलीत दोन-तीन दिवस सुकू द्या. ओल्या जखमेनिशी लावला तर बुरशी तिथूनच शिरते. पण तोडायलाच हवा असं नाही. अख्खा कंद आडवा ठेवला तर दोन्ही टोकांकडून वेल येतात. कंद लहान असेल तर अजिबात तोडू नका.

लावण्याआधी कार्बेन्डाझिम १ ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून त्यात अर्धा तास बुडवा आणि सावलीत कोरडे करा. रसायन नको असेल तर ट्रायकोडर्मा पावडर १० ग्रॅम लिटरला. दोन्हींपैकी एकच करा. कार्बेन्डाझिम बुरशी मारतं आणि ट्रायकोडर्मा ही स्वतःच बुरशी आहे, त्यामुळे एकापाठोपाठ वापरलं की दुसऱ्याचे पैसे वाया.

वेळ मृगाच्या आगेमागे, म्हणजे मेचा शेवटचा आठवडा ते १० जून. कंद आडवा, डोळ्याकडचं टोक किंचित वर, अंगावर २ ते ३ इंच माती. लावल्यावर एकदाच पाणी द्या आणि पावसाची वाट बघा. कोंब दिसेपर्यंत रोज पाणी घालणं म्हणजे कंद कुजवणं. टोकाला कोंब आधीच फुटला असेल तर मात्र तारखेसाठी थांबू नका, लगेच लावा.

गोदाकाठ (१९ मे)
काळ्या जमिनीबद्दल माझ्याकडून. बहुतेक जण खड्डा घेतात आणि त्यात वाळू, खत, लाल माती असं छान मिश्रण भरतात. काळ्या मातीत हा खड्डा हौदासारखा भरतो, कारण भोवतीची चिकणमाती पाणी पुढे जाऊ देत नाही. जुलैत चार दिवस झड लागली की कंद पाण्यात. खड्डा खणायचाच नाही, वर रचायचं.

जाळीलगत दोन फूट रुंद आणि एक फूट उंच गादीवाफा करा. तळाशी विटांचे तुकडे किंवा जाड मुरूम चार इंच, वर लाल पोयटा आणि बारीक मुरूम निम्मे-निम्मे, त्यात शेणखत एकूण मातीच्या चौथ्या हिश्शाइतकं. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं, कच्च्यात हुमणी अळी येते आणि कंद कुरतडते. आपली काळी माती घालायचीच असेल तर पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको. मुरमाच्या वाफ्याला उन्हाळ्यात भेगाही पडत नाहीत.

त्र्यंबकेश्वर, इगतपुरीकडे पाऊस नाशिक शहराच्या कितीतरी पट पडतो, तरी कळलावी तिथे उत्तम वाढते. ती कुठे उभी असते ते बघा. उतारावर, दगडांच्या सांदीत, करवंदीच्या जाळीत, पाचोळ्याच्या थरात. पाणी वरून धो-धो येतं आणि लगेच निघून जातं. पाऊस कितीही चालतो, साचलेलं पाणी चालत नाही.

पाचोळा (२० मे)
कुंडीसाठी: एका कंदाला १२ इंची, तीन कंदांना १८ इंची. खोली निदान एक फूट हवी, कारण नवा कंद जुन्यापेक्षा खोल जातो. मिश्रण दोन भाग लाल माती, एक भाग जाड वाळू, एक भाग पालापाचोळ्याचं खत. १२ इंची कुंडीला एक मूठ निंबोळी पेंड आणि अर्धी मूठ हाडांचा चुरा. नुसत्या कोकोपीटमध्ये लावू नका, वरून कोरडं दिसतं आणि आत ओल धरून बसतं. क्रश सँड वापरणार असाल तर धुऊन घ्या. तिच्यातली दगडाची भुकटी खाली बसून निचरा बंद करते. कुंडीखालची ताटली पावसाळाभर काढून ठेवा.

वनौषधी_अभ्यास (२० मे)
लागवडीच्या चर्चेत हे मागे पडू नये म्हणून स्वतंत्र लिहीत आहे. कळलावीचा प्रत्येक भाग विषारी आहे. कंद आणि बिया सर्वांत जास्त. त्यातलं कोल्चिसीन हे विष पेशींचं विभाजन थांबवतं, म्हणून आतडी, अस्थिमज्जा, मूत्रपिंड असं एकेक अवयव बंद पडत जातो. यावर सहज मिळणारा उतारा नाही.

लक्षणं लगेच दिसत नाहीत. खाल्ल्यावर दोन ते बारा तासांनी घशात आग, उलट्या आणि जुलाब सुरू होतात. तोवर "काही झालं नाही" असं वाटून वेळ जातो. कोणी कंद किंवा बी चावल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठा आणि झाडाचा तुकडा सोबत न्या. घरी मीठ-पाणी देऊन ओकायला लावत बसू नका.

कंद रताळं किंवा करांद्यासारखा दिसतो. काढलेले कंद स्वयंपाकघरात, उपासाच्या रताळ्यांच्या टोपलीजवळ, फ्रिजमध्ये कुठेही नकोत. झाकणाचा डबा, त्यावर मोठ्या अक्षरांत "विषारी" आणि हात न पोचणारी जागा. कंद हाताळताना रबरी हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा, डोळ्यांना हात लावू नका. रांगतं मूल, माती उकरणारा कुत्रा किंवा मोकाट शेळ्या असलेल्या अंगणात हे झाड लावू नये. तिथे रानहळद लावा, तीही आपल्याकडचीच, कंदाचीच आणि पावसाळ्यात सुंदर फुलणारी.

आयुर्वेदात लांगली, म्हणजे हीच कळलावी, उपविषांत (दुय्यम विषांत) मोजतात आणि ती शोधन, म्हणजे शुद्धीकरण, केल्याशिवाय वापरत नाहीत. प्रसूतीच्या कळा याव्यात म्हणून कंद उगाळून लावण्याची जुनी पद्धत कोणी सुचवली तर ठाम नाही म्हणा. त्यात आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका आहे.

गच्चीबाग_इंदिरानगर (२० मे)
मनापासून धन्यवाद. घरात लहान मूल नाही, एक मांजर आहे, पण ती गच्चीवर येत नाही. आता आधाराबद्दल सांगाल का? बांबू रोवले तर चालतील?

रानफूल (२१ मे)
मांजरीलाही हे विष तितकंच घातक. वर येत नसली तरी कुंडीतल्या मातीवर जाळी बसवा, उकरलेल्या मातीचा मांजरांना मोह होतो.

जाड बांबू एकटा उपयोगाचा नाही. कळलावीला वेगळे ताणे नसतात, तिच्या पानाचं टोकच वळून ताणा होतं, तेही वरच्या पानांचं. एवढासा ताणा पेन्सिलपेक्षा जाड वस्तूला वेढा घालू शकत नाही. बांबूंच्या मध्ये सुतळी चार-चार इंचांवर आडवी बांधा, किंवा झाडाच्या बारीक वाळक्या फांद्या कुंडीत रोवा. कुंपणाची तारजाळी उत्तम. मेंदीच्या कुंपणात लावली तर आधाराचा प्रश्नच उरत नाही, फांद्या बारीक, सावली पातळ, आणि फुलं मेंदीच्या हिरव्यावर वर येऊन दिसतात.

आधार कंद लावतानाच उभा करा. नंतर काठी खुपसली तर ती नेमकी कंदात जाते. वेल कमरेएवढा होईपर्यंत खोड कोवळं आणि ठिसूळ असतं. गच्चीवर जून-जुलैचा पश्चिमेचा वारा जोराचा. खोड बुडाशी मोडलं तर त्या कंदाचा तो मोसम संपला, खालून दुसरा फुटवा येत नाही. म्हणून कुंड्या कठड्याच्या आडोशाला, पूर्वेकडे ठेवा. सकाळचं चार-पाच तास ऊन शेंड्याला मिळावं आणि बूड सावलीत राहावं. बुडाशी पाचोळ्याचा दोन इंच थर द्या.

गच्चीबाग_इंदिरानगर (९ जुलै)
५ जूनला लावले होते. चार उगवले, त्यातले दोन वेल गुडघ्याच्या वर गेले आहेत. कुंडीतल्या दोन कंदांचा पत्ता नाही. उकरून बघू का?

पाचोळा (९ जुलै)
उकरू नका. कोंब मातीच्या अर्ध्या इंच खाली आलेला असतो आणि बोट लागताच मोडतो. दोन कंद एकाच दिवशी लावले तरी पंधरा-वीस दिवस मागेपुढे उगवतात. जुलैअखेरपर्यंत थांबा. तोवर त्या दोन कुंड्यांना वेगळं पाणी देऊ नका, पाऊस पुरे. अगदीच संततधार असेल तर त्या छपराखाली सरकवा.

उगवलेल्यांचं पाणी मात्र बघत राहा. नाशिकला जुलैत आठ-दहा दिवसांची उघडीप पडते. वरची दोन इंच माती कोरडी लागली तर सकाळी भरपूर पाणी द्या. कळ्या धरताना ताण बसला तर कळ्या पिवळ्या पडून गळतात.

खत जपून. युरिया नको, त्याने खोड लांब, मऊ आणि पानं बुरशीला बळी पडणारी होतात. वेल दीड फुटाचा झाला की महिन्यातून एकदा ओंजळभर गांडूळखत. कळ्या दिसल्यावर ०:०:५० (पाण्यात विरघळणारं पोटॅशचं खत) लिटरला २ ग्रॅम, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा. द्राक्षवाल्यांच्या घरी हे असतंच.

गच्चीबाग_इंदिरानगर (११ ऑगस्ट)
फुलं आली! कळी हिरवी आणि खाली मान घालून होती. उघडली तशा पाकळ्या मागे वळून वर गेल्या, कडा चुणीदार, बुडाशी पिवळा आणि टोकाला लाल. पण जमिनीतल्या वेलावर काळ्या अळ्या आल्या आहेत, अंगावर पांढरे आणि नारिंगी-लाल ठिपके. दोन दिवसांत चार पानांच्या नुसत्या शिरा उरल्या. काय फवारू?

मळेकर_मखमलाबाद (११ ऑगस्ट)
ही लिलीवरची अळी, पॉलिटेला. लहान असताना एका पानावर घोळक्याने असतात, मोठ्या झाल्या की वेलभर पसरतात आणि कळ्याही खातात. घोळक्यात असतानाच पान तोडून साबणाच्या पाण्यात टाका. एक-दोन वेलांना फवारणीची गरजच नाही. सकाळ-संध्याकाळ पानं उलटून बघणं पुरेसं आहे, अंडी पुंजक्यांनी खालच्या बाजूला असतात. जास्तच झाल्या तर ५ टक्के निंबोळी अर्क, संध्याकाळी, फुलं टाळून. या अळ्या कोशासाठी मातीत उतरतात, म्हणून हिवाळ्यात वाफ्याची वरची इंच-दीड इंच माती हलवून उन्हात तापवा. कंदापर्यंत खुरपं जाऊ देऊ नका.

कीटकनाशकाचा मोह आवरा. फुलावर फुलपाखरं आणि शिंजीर पक्षी येतात, त्यांच्यावाचून बी धरत नाही.

गोदाकाठ (१२ ऑगस्ट)
अळ्यांबरोबर पानांवरचे डागही बघा. तपकिरी डाग, भोवती पिवळी कड आणि डाग एकमेकांत मिसळत चालले असतील तर करपा. संततधारेनंतर ऊन पडलं की तो वाढतो. डागाळलेली पानं काढा आणि १ टक्का बोर्डो फवारा, म्हणजे लिटरला १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम चुना, दोन्ही वेगवेगळ्या पाण्यात कालवून मग एकत्र. लोखंडी भांडं नको. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा. नाहीतर मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला २ ग्रॅम.

पानं हिरवी असताना वेल अचानक एका बाजूने मान टाकू लागला तर तो करपा नव्हे, खाली कंद कुजतोय. पाणी बंद करा आणि बुडाची माती बाजूला करून पांढरी, कापसासारखी बुरशी आहे का बघा. असेल तर तो कंद वाचत नाही. मातीसकट काढून टाका आणि त्या जागी निदान वर्षभर कळलावी लावू नका.

गच्चीबाग_इंदिरानगर (१४ ऑगस्ट)
अळ्या हाताने काढल्या, आता आटोक्यात आहेत. गच्चीवर मात्र फुलपाखरं फार येत नाहीत. बी हवं असेल तर हाताने परागीभवन कसं करायचं?

रानफूल (१४ ऑगस्ट)
फूल हातात धरून न्याहाळा म्हणजे काय करायचं ते कळेल. सहा पाकळ्या मागे, मध्ये हिरवा बीजांडकोश, भोवती सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे पसरलेले. बीजांडकोशाच्या टोकाकडून निघणारी कुक्षीवृंताची काडी सरळ जात नाही, बुडाशीच काटकोनात वळून एका बाजूला आडवी निघते. टोकाला तीन बारीक फाटे, तीच कुक्षी. या वळणामुळे स्वतःचे पराग स्वतःच्या कुक्षीवर सहसा पडत नाहीत. मध पिताना फुलपाखराचे पंख परागकोशांना आणि कुक्षीला घासतात, तेव्हा काम होतं.

सकाळी ८ ते ११ ही वेळ. परागकोश उकलून पिवळी पूड सुटी झालेली असली पाहिजे. एका वेलाच्या फुलाचा पुंकेसर चिमट्याने काढा आणि दुसऱ्या वेलाच्या फुलाच्या तिन्ही फाट्यांवर हलकेच टेकवा. दोन वेगळ्या कंदांचे वेल असतील तर बी चांगलं भरतं. नुकतंच उघडलेलं, अजून पिवळं जास्त असलेलं फूल निवडा. पूर्ण लाल झालेल्याचा उपयोग नाही. पावसाची सर आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. धरलं की आठवड्याभरात बीजांडकोश फुगू लागतो.

कंदांची वाढ हवी असेल तर सगळ्या फुलांना बी धरू देऊ नका. लहान कंदाच्या वेलावर एक-दोन बोंडं पुरेत, बाकीची फुलं सुकल्यावर खुडा.

गच्चीबाग_इंदिरानगर (१९ ऑक्टोबर)
पानं पिवळी पडत आहेत, तीन बोंडं आहेत. आता कंद काढायचे की तसेच ठेवायचे?

मळेकर_मखमलाबाद (१९ ऑक्टोबर)
काढावेत. नवे कंद मोजता येतात, कुजका वेगळा करता येतो, आणि गच्चीवरच्या कुंडीतली माती एप्रिल-मेमध्ये इतकी तापते की कंद सुकतो.

रानफूल (१९ ऑक्टोबर)
कुंडीपुरतं पटतं. जमिनीतल्यांसाठी मी उलटं सांगेन. वाफा निचऱ्याचा असेल तर कंद तीन वर्षं हलवू नका. प्रत्येक काढणीत दोन-चार टोकं मोडतातच, आणि मोडलेलं टोक परत येत नाही. फक्त मेपर्यंत त्या वाफ्याला पाणी जाता कामा नये. शेजारी जास्वंद, मोगरा असेल आणि त्यांना रोज नळी लावली जात असेल तर कंद झोपेत कुजतो. डिसेंबर-जानेवारीतल्या थंडीची चिंता नको, तोवर वेल वाळलेला असतो.

कुंडीतले काढायचे तर वेल पूर्ण वाळून आपोआप सुटल्यावर, साधारण नोव्हेंबरअखेर. खोदू नका. माती कोरडी होऊ द्या, कुंडी आडवी करा आणि अख्खा गोळा पोत्यावर ओतून हाताने मोकळा करा. जुना कंद सुकून पापुद्र्यासारखा झालेला दिसेल, शेजारी नवा भरीव कंद. कंद धुऊ नका. आठवडाभर सावलीत सुकवा, मग कोरड्या वाळूत एकमेकांना न लागतील असे थरांनी ठेवा. हवाबंद डबा नको, झाकणाला भोकं पाडा.

कंद काढायचे नसतील तर कुंडी तशीच, पाणी बंद करून, जिन्याखालच्या थंड सावलीत ठेवली तरी चालते. वर चिठ्ठी लावा, नाहीतर रिकामी कुंडी समजून कोणीतरी त्यात कोथिंबीर पेरेल. आधी लिहिलेल्या विषामुळे ही चिठ्ठी टाळता येणार नाही.

पाचोळा (२० ऑक्टोबर)
बोंडं हिरवी असताना तोडू नका. फिकट पडून साल सुरकुतली आणि शिवणीवर उकलू लागली की काढा. आत नारिंगी-लाल, मांसल सालीच्या बिया असतात. हातमोजे घालून वाळूत चोळून साल काढा, धुवा, आठवडाभर सावलीत वाळवा आणि कागदी पाकिटात ठेवा.

पेरणी मेअखेर. एक दिवस-रात्र पाण्यात भिजवून, एक सेंटीमीटर खोल, वाळू आणि पालापाचोळ्याच्या खताच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणात. उगवण तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत कधीही होते, त्यामुळे ट्रे लवकर रिकामा करू नका. पहिल्या वर्षी चार-पाच पानं आणि बोटाच्या पेराएवढा कंद. फूल तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षी.

सगळी मेहनत बियांवर घ्यायची कारण अंजनेरी-त्र्यंबकच्या डोंगरातून कंद उपटून आणण्याचा प्रकार थांबायला हवा. अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तिथली एकही वनस्पती काढता येत नाही. आणि उपटलेल्या रानातल्या कंदाचं टोक बहुधा मोडलेलंच असतं, म्हणजे तिथलंही झाड गेलं आणि आपल्याकडेही आलं नाही. रोपवाटिकेत विचारताना कंद लागवडीतला आहे ना, हे विचारून घ्या. रुंद, जवळजवळ सपाट पाकळ्यांचा गडद लाल प्रकार 'रोथशिल्डियाना' या नावाने विकतात. सुंदर आहे, पण आपल्या रानातली अरुंद, चुणीदार पाकळ्यांची हवी असेल तर फुलाचा फोटो मागूनच घ्या.

गच्चीबाग_इंदिरानगर (२० ऑक्टोबर)
तीन बोंडांतलं बी ठेवते. मेअखेरीस पेरणार, तेव्हा जास्तीचं बी हवं असेल त्यांनी इथेच सांगा, पाकिटावर "विषारी" लिहूनच देईन. न उगवलेल्या दोनांपैकी एक २६ जुलैला वर आला होता, वेल फुटभरच झाला आणि फूल नाही. त्याचा कंद वेगळा ठेवू का?

मळेकर_मखमलाबाद (२१ ऑक्टोबर)
वेगळा ठेवा आणि वजन करून चिठ्ठीवर लिहा. ३० ग्रॅमच्या खाली असेल तर पुढच्या वर्षी जमिनीतल्या वाफ्यात लावा, कुंडीपेक्षा तिथे कंद लवकर भरतो. आलेल्या कळ्या पहिल्या वर्षी खुडून टाका.